मुकादमाच्या नावाची वेलांटी

महाड,
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५,
सकाळचे सात वाजून वीस मिनिटे.

ती. रखमाआत्यास मुरारीचा साष्टांग नमस्कार.

काल सकाळी झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्धं वर करून मी स्कॅनरची काच पुसत होतो, तेवढ्यात वस्तीची गाडी आली आणि बुद्धरत्न कंडक्टर तुझी पिशवी देऊन गेले. पिशवीत नाचणीचं पीठ, मामांचे दवाखान्याचे कागद, रेशनकार्ड आणि आधारकार्ड मिळालं. पिठाची गाठ सुटली होती. कागद झटकून घेतले.

दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारून आलो. मामांच्या काळजाकडे रक्त नेणारी नळी आतून अरुंद झाली आहे. त्यात बारीक जाळी बसवावी लागेल. स्वतःच्या पैशाने केलं तर एक लाख ऐंशी हजार. हा आकडा वाचून तू खाली बसली असशील. मीही बसलो होतो. पण सरकारी आरोग्य योजनेत हे ऑपरेशन येतं. पनवेलचा एक दवाखाना योजनेच्या यादीत आहे, तिथे आपल्याला काही भरावं लागणार नाही.

फक्त आता नुसतं रेशनकार्ड दाखवून भागत नाही. नाव ऑनलाईन चढवून आरोग्य कार्ड काढावं लागतं, आणि ते नाव आधारवर आहे तसंच लागतं. एका काना-मात्रेचा फरक चालत नाही. दहावीला मी गणितात राहिलो, पण शुद्धलेखनात माझा एक गुण कधी गेला नाही, तेव्हा हे काम माझ्यावर सोड.

अडचण एकच. आधारकार्डाचा कोपरा उंदराने खाल्ला आहे. नंबर आहे, आडनाव आहे, वडिलांचं नाव आहे, फक्त पहिलं नाव त्याने नेलं. रेशनकार्डाच्या आतल्या पानावर शाई पसरली आहे. मामांच्या आधारला मोबाईल जोडलेला नाही, म्हणून मशीनही नाव दाखवत नाही. आणि मी जन्मभर त्यांना मामा म्हणत आलो. घाटरस्त्याच्या गँगवर मुकादम होते म्हणून सगळी वाडी त्यांना मुकादमच म्हणते. पाणीपट्टीच्या पावतीवरही तेच आहे. बुद्धरत्नभाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "का? मुकादम हे नाव नाय काय त्यांचं?"

तुमच्या वाडीत फोन लागत नाही, म्हणून मामांना विचारून त्यांचं पहिलं नाव एका ओळीत लिहून बुद्धरत्नभाऊंच्या हाती पाठव.

तुझा,
मुरारी

•

टेपवाडी, वरंध
शुक्रवार, ७ तारीख

चि. मुरारीस आत्याचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. भाताची झोडणी चालू हाय म्हणून उशीर झाला.

पयली गोष्ट, ह्यांना काय इचारायचं नाय. ह्यांच्या भावाचा विमा काढला व्हता, आन महिन्याच्या आत तो गेला. तवापासून विमा म्हणजे मेल्यावरचा पैसा, असं ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. तालुक्याला विम्याचा माणूस दिसला तरी रस्ता बदलतात. मी तुला कागद धाडलेत ते ह्यांना ठावं नाय. वाडीतबी कुणाला नाय.

दुसरी गोष्ट नावाची. तू लिवलंस, एका ओळीत धाड. बाबा, एरवी धाडलंबी असतं. पण माणूस आजारी असताना बायकोनं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं. माझ्या आयसनं सांगितलंय. तू शिकलेला, तू हसशील. हस. मी तुझ्यासमोर नाय म्हणून तोंड उघडं ठेवून हस. पण मी नाव घ्यायची नाय, लिवायची पण नाय.

उखाण्यात घेतलेलं चालतं. तो मान असतो. लग्नानंतरच्या पयल्या संक्रांतीला घेतला व्हता तोच लिवते, त्यातून तू काढून घे.

घाटातल्या वळणावर करवंदांची जाळी,
हैबतरावांचं नाव घेते संक्रांतीच्या वेळी.

झालं तुझं काम?

ह्यांना बरं हाय. चढावर जरा थांबतात, बाकी काय नाय.

तुझी आत्या

•

महाड,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५,
रात्रीचे आठ. दुकान बंद करताना.

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

मी हसलो नाही. दुकानाचे मालक सहदेवभाऊ हसले, पण ते उखाण्याला. फार छान आहे म्हणाले.

आज अर्ज भरला. उखाण्यातलं ‘राव’ मानाचं असतं, ते सरकारी कागदावर घालायचं नसतं. म्हणून ते काढलं. उरलं ‘हैबत’. ‘है’ला दोन मात्रा आहेत याची दोनदा खात्री केली. पुष्कळ लोक तिथे एकच देतात. आठ दिवसांत उत्तर येईल. मग मामांना एक दिवस महाडला आणायचं, अंगठा द्यायचा, फोटो काढायचा, आणि कार्ड हातात.

मामांना सांगताना विमा हा शब्द वापरू नकोस. कार्ड म्हण. ते खोटंही होणार नाही. आणि तुला म्हणून सांगतो, हा मेल्यावरचा विमा नाही. यात माणूस जिवंत असला तरच पैसे मिळतात, आणि तेही त्याच्या हातात नाही, दवाखान्याला. त्यामुळे मरून कुणाचा फायदा नाही.

हे शेवटचं वाक्य बरोबर लिहिलं का मला कळत नाही, पण खोडलं तर पान खराब दिसेल.

तुझा,
मुरारी

•

टेपवाडी
१५ तारीख, शनवार

चि. मुरारीस आशीर्वाद.

कार्ड म्हटलं. तर म्हणतात, "कसलं कार्ड? रेशनचं?" मी म्हटलं, तसलंच. पटलं त्यांना. आता रोज इचारतात, "तुझ्या कार्डावर साखर कवा मिळायची?"

मरून कुणाचा फायदा नाय हे वाक्य मला आवडलं. खोडू नको.

ह्यांना बरं हाय. हल्ली झोपताना आडवं व्हायला नको म्हणतात, भिंतीला टेकून बसूनच डोळा लागतो. वय झालं की अशा सवयी लागतात. म्हशीला सातवा लागलाय.

आत्या

•

महाड,
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५,
दुपारचे दोन. डबा उघडला आहे, जेवलो नाही.

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

अर्जाचं उत्तर आलं. थोडं तांत्रिक काम राहिलं आहे. काळजीचं काही नाही. अजून आठ-दहा दिवस लागतील.

मामांना झोपताना पाठीशी दोन उशा दे, म्हणजे भिंत टोचणार नाही. गोळ्या चुकवू नका.

तुझा,
मुरारी

•

टेपवाडी
सोमवार, २४ तारीख

मुरारी,

तांत्रिक म्हणजे काय ते मला समजत नाय असं वाटलं व्हय तुला? मी चौथी पास हाय. तांत्रिक म्हणजे नाय झालं. ते तोंडावर सांगवत नाय तवा माणूस असला शब्द काढतो.

का झालं नाय तेबी मला ठाऊक हाय. मागं पोर नाय ना आमच्या. कागदावर मुलगा म्हणून नाव घालायला कोण हाय? ज्यांच्या मागं कोणी नाय त्यांचा कागद तळाला जातो. तुझा दोष नाय. तू मला बरं वाटावं म्हणून लिवलंस.

मी वरंधला गेले व्हते तांदळाच्या गिरणीवर. तिथं राजेंद्र भेटला, महाडचा, पालिशी काढतो तो. चांगला बोलला. वरसाचे चौदा हजार दोनशे, आन मंग कुठल्याबी मोठ्या दवाखान्यात जा म्हणाला. त्यानं इचारलं, "मुकादमांना काय आजार?" मी म्हटलं, "छे रे, घोड्यासारखे हायत." दोन हजार इसार दिलाय. बाकीचे म्हैस देऊन भरीन. गिऱ्हाईक आलं व्हतं, बघून गेलंय.

ह्यांना यातलं काय सांगितलेलं नाय. म्हैस का काढली म्हणून इचारतील तवा बघू.

आत्या

•

महाड,
मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५,
सकाळचे साडेसहा. कंडक्टरची गाडी परत जायच्या आत हे पोचायला हवं, म्हणून स्टँडच्या बाकावर बसून लिहितो आहे.

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

म्हैस विकू नकोस. गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून सांग. हे पहिलं लिहिलं, आता बाकीचं.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं आणि मी तसाच राजेंद्रकडे गेलो. तो वाईट माणूस नाही. त्याने विचारलं ते बरोबर विचारलं, उत्तर तू चुकीचं दिलंस. आधीपासून असलेल्या आजारावर त्या पॉलिसीत पहिली तीन वर्षं पैसे मिळत नाहीत. आणि आजार लपवून पॉलिसी काढली असं नंतर कळलं, तर एक रुपयाही मिळत नाही, भरलेलेही जातात. मी त्याला ईसीजी दाखवला. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "अरे, हा घोडा व्हय!" अर्ज त्याने पुढे पाठवलेला नव्हता. दीड हजार परत दिले, ते माझ्याकडे आहेत. पाचशे पुढच्या महिन्यात देतो म्हणाला.

आता माझं. पोर नाही म्हणून तुमचं काम अडलेलं नाही. असा कुठलाही नियम नाही, मी सगळे वाचले आहेत. काम माझ्यामुळे अडलं. ‘नाव जुळत नाही’ एवढंच उत्तर आलं होतं. तेवढे तीन शब्द तुला लिहिण्याऐवजी मी तांत्रिक असं लिहिलं, आणि त्यावरून तू हे सगळं मनात घेतलंस. मला वाटलं होतं मी गुपचूप दुरुस्त करीन.

अर्ज भरणाऱ्याचं नातं विचारतात. तिथे भाचा असा पर्यायच नव्हता. ‘इतर’ निवडावं लागलं. ते निवडताना मला बरं वाटलं नव्हतं, हे तुला सांगायचं राहिलं होतं.

तर नाव हैबत नाही. मग दोनच उरतात, पण मी आता स्वतःच्या डोक्याने काही ठरवणार नाही. खाली तिन्ही लिहितो. तू नाव घेऊ नकोस, लिहूही नकोस. बरोबर असेल त्याच्यावर फक्त बोटाने खूण कर. खूण म्हणजे नाव घेणं नव्हे.

हैबत

हैबती

हैबतराव

हाच कागद कंडक्टरच्या हाती परत पाठव.

तुझा,
मुरारी

•

(त्याच कागदाच्या पाठीमागे)

बुधवार

मुरारी, म्हैस दावणीला हाय.

खूण केली. कोरडं बोट आजारी माणसाच्या नावावर ठेववेना, म्हणून कुंकू लावून केली. देवाला लावून मंग.

"इतर" कोण लिवतं रे तुला? त्या मशीनला म्हणावं, ह्याच्या बारशाला पाळण्यात कुणी घातला ते इचार.

दोन उशा दिल्या. बसूनच असतात रात्रभर. मला झोप लागली की उठून ओट्यावर जातात, वारा घ्यायला. मी जागीच असते.

आत्या

•

महाड,
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५,
सकाळचे दहा.

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

कागद मिळाला. आत्या, कुंकू ओलं असताना तू कागदाची घडी घातलीस. पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही नावांवर लाल गोल आहे. सारखाच. मी भिंग लावून बघितलं. सहदेवभाऊंनीही बघितलं. ते म्हणाले दुसरं, मग म्हणाले पहिलं.

तुला वाटेल, हैबत चुकलं तर उरलं हैबतीच. मलाही तसंच वाटतं. पण मला हैबतच्या वेळीही तसंच वाटलं होतं. अर्ज परत यायला दहा दिवस जातात, आणि पुन्हा चुकलं तर मामांना घेऊन वरच्या कचेरीत खेटे घालावे लागतील. मामा रात्रभर बसून असतात हे तू आता लिहिलंस. मी डॉक्टरांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले ही सवय नव्हे, आडवं झालं की श्वास पुरत नाही म्हणून. मी तुला उशा सांगितल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले आता थांबू नका. बुधवारी गाडी करून मी तुम्हाला न्यायला येतो, कार्ड झालेलं असो वा नसो. त्याआधी मंगळवारी मी पोलादपूरला, तुझ्या माहेरी, आपल्या वाडीत जाऊन येतो. आजीच्या ट्रंकेत तुझ्या लग्नाची पत्रिका आहे असं बाबा सांगायचे. छापील नाव मिळालं तर शंका राहणार नाही.

छातीत दुखलं, घाम आला, तर बुधवारची वाट बघू नका. पहिल्या गाडीने खाली या.

तुझा,
मुरारी

•

महाड,
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५,
संध्याकाळचे सात. पनवेलहून परतून हात-पाय धुतले.

ती. आत्यास व ती. मामांस साष्टांग नमस्कार.

आता मामांनाही सगळं माहीत आहे, म्हणून दोघांना एकत्र लिहितो. जीपवाल्याने नीट पोचवलं का? मामांना ओट्यावरून आत उचलून नेलं की चालत गेले? डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे, पण चढ नको.

त्या मंगळवारची रुखरुख माझ्या मनातून जात नाही. पहाटे मामांच्या छातीत कळ आली, आणि मी तिकडे वर वाडीत, फोनला रेंज नाही, ट्रंक उघडून बसलो होतो. पत्रिका मिळाली. हळद लागलेली होती. आणि तिच्यावर छापलं होतं, ‘चि. हैबतराव’. तिथेही मानच. कशेडीकडून येणाऱ्या एका ट्रकला हात करून महाडला परतलो, तेव्हा पाच वाजले होते. स्टँडवर बुद्धरत्नभाऊ माझीच वाट बघत होते. सकाळच्या गाडीत मामांना पुढच्या सीटवर बसवून त्यांनी थेट दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली, एकाही स्टॉपला थांबले नाहीत. तिथून अँब्युलन्सने तुम्ही पनवेलला. मी पनवेलच्या दवाखान्यात फोन लावून तुला बोलावून घेतलं, आणि तू म्हणालीस, "कार्ड लागलं. आत नेलंय. तू भाकर खाऊन ये."

कार्ड मी पनवेलला बघितलं. हैबती. दुसरी वेलांटी.

पण ते जुळलं कसं? मामांच्या तोंडावर तर ऑक्सिजनचा मास्क होता. इतके दिवस विचारतो आहे, तू पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघतेस. मामांना विचारलं तर ते नुसते हसतात आणि म्हणतात, "हजेरी झाली."

मला कळायला हवं. पुढे दुसऱ्या कुणाचं असं अडलं तर उपयोगी पडेल.

तुझा,
मुरारी

•

टेपवाडी
१४ डिसेंबर, रविवार

चि. मुरारीस अनेक आशीर्वाद.

चालत आत आले. उंबऱ्यावर थांबून म्हशीला हाक मारली, मंग आत आले.

तू इचारलंस ते तिथं दवाखान्यात सांगण्यासारखं नव्हतं, माणसं व्हती. पत्रात सांगते. कुणाला वाचून दाखवू नको. सहदेवभाऊंना तर नायच.

पनवेलला ह्यांना चाकाच्या गाडीवर झोपवून आत ढकललं, आन मला म्हणाले, आजी, त्या टेबलाशी जा, योजनेचं तिथं. टेबलावर एक पोरगी बसली व्हती, प्रियदर्शिनी म्हणून, गळ्यात कार्डाची पट्टी. मागं ही रांग. मी आधारकार्ड पुढं केलं. ती म्हणाली, "आजी, याचं नाव कुठं गेलं?" मी म्हटलं, "उंदरानं नेलं." रांगेतले हसले. तीबी हसली, पण हात कीबोर्डावर. ह्यांचा अंगठा घेऊन बघितला, तो उमटंना. आयुष्यभर खडी उचलली, अंगठ्याला रेघा कुठं राहिल्यात?

"नाव सांगा पेशंटचं."

"मुकादम."

"खरं नाव, आजी. आधारवरचं. नंबराला नाव जुळलं की लगेच मंजुरी टाकते. डॉक्टर थांबलेत."

मी म्हटलं, "ह्यांचं नाव मी घेत नाय गो."

तिनं हात कीबोर्डावरनं काढला. मंग म्हणाली, "माझी आजीपण घेत नव्हती. उखाण्यात घ्या, मी लिहिते."

मुरारी, त्या दवाखान्यात, औषधाच्या वासात, मी करवंदांची जाळी म्हटली. मागं कुणीतरी टाळी वाजवली. मला रडू येत व्हतं आन लाजबी वाटत व्हती. तिनं टाइप केलं. "हैबतराव नाही लागत. राव काढू का?" काढलं. "हैबत पण नाही लागत, आजी."

तवा मला समजलं. तूबी हेच केलं व्हतंस. तिनंबी तेच केलं, तुझ्यापरीस शिकलेली असून. चूक तुमची कुणाची नव्हती, माझ्या उखाण्याची व्हती. पत्रिकेत मानापायी तोडलेली नावाची शेपटी, ओळीत बसावं म्हणून संक्रांतीला मीबी तोडलेलीच ठेवली व्हती, आन इतकी वरसं तेच तोडकं नाव मिरवत राहिले.

मी मागं वळून बघितलं. ह्यांची गाडी भिंतीला लावलेली. डोळे मिटलेले. पाय पांढरे पडले व्हते. मला आयस आठवली. नाव घेतलं तर आयुष्य तुटंल. आन नाय घेतलं तर? तर ही पोरगी काय करील, तिच्या हातात काय हाय?

मंग मी म्हटलं. हळू नाय म्हटलं, मुरारी. हळू म्हणायला गेले तर आवाज निघंना, म्हणून मोठ्यांदा म्हटलं. "हैबती! हैबती नाव हाय त्यांचं! है-ब-ती!"

सगळी रांग माझ्याकडं वळली. आन मागनं, त्या मास्कच्या आतनं, आवाज आला, "हजर."

डोळे मिटलेलेच. हात एवढासा वर. गँगवर जन्मभर दुसऱ्यांची नावं घेतली, ह्यांचं नाव घेणारं तिथं कोण नव्हतं. वाटलं असंल कुणीतरी हजेरी घेतंय.

पोरीनं डोळे पुसले आन म्हणाली, "लागलं, आजी."

आता घरी आल्यापासनं रोज चालू हाय. भाकर वाढायला घेतली की म्हणतात, "आधी हाक मार, मंग जेवतो." मी म्हणते, "पनवेलला मारली तेवढी पुरे." तर म्हणतात, "तवा मी अर्धा झोपेत व्हतो, नीट ऐकलं नाय." लबाड हायत. सगळं ऐकलंय.

एक इचारते. तू नियम वाचणारा हायस, खोटं सांगू नको. नाव घेतलं, तेबी असल्या वेळेला, उखाण्याबिगर. आयुष्य कमी झालं असंल का रे ह्यांचं? रात्री ह्यांचा श्वास ऐकत पडते. आता आडवे झोपतात. तरी ऐकते.

तुझी आत्या

•

महाड,
गुरुवार, १८ डिसेंबर २०२५,
सकाळचे सव्वासहा. शटर अजून उघडलेलं नाही, आत दिवा लावून लिहितो आहे.

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तू विचारलंस त्याचं उत्तर कुठल्याही नियमात सापडलं नाही. डॉक्टरांना विचारायची लाज वाटली. म्हणून जे माझ्यासमोर आहे तेवढंच सांगतो.

मामांच्या दवाखान्याच्या फाईलची झेरॉक्स माझ्याकडे आहे. काल रात्री ती पहिल्या पानापासून वाचली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर हैबती लिहिलेलं आहे. नर्स सकाळी तेच नाव घेऊन गोळी देत होती, दुपारी तेच नाव घेऊन दाब बघत होती. आणि आत्या, प्रत्येक पानावर खाली जे आकडे आहेत, ते आधीच्या पानापेक्षा बरे आहेत. नावामुळे असं मी म्हणत नाही. पण नाव घेतल्यामुळे काही तुटलं असतं, तर ते या आकड्यांत कुठेतरी दिसलं असतं. मी नीट बघितलं. नाही दिसलं.

तू रात्री ऐकत पडतेस ते बंद कर असं सांगणार नाही. पण ते आडवे झोपतात एवढं ऐकलं की तूही झोप.

या आठवड्यात वरंध भागातली चार माणसं कार्डासाठी आली. त्यातल्या एका बाईंनी नवऱ्याचं नाव सांगायला पदर तोंडावर घेतला. मी कागद आणि कोरडी पेन्सिल पुढे केली आणि म्हटलं, खूण करा, पण घडी घालू नका.

तू हिशोब मागितला नाहीस, पण तो दिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ऑपरेशन, जाळी, पनवेलचा दवाखाना: काही नाही. योजनेतून.
एसटी, पोलादपूर व वर वाडीत (येताना ट्रकवाल्याने पैसे घेतले नाहीत): ७०
एसटी, महाड ते पनवेल, माझं जाणं-येणं: ४२०
झेरॉक्स व फोटो: ८५
पनवेलला आपल्या दोघांचा डबा: १,१५०
जीप, घरी येताना: १,२००
गोळ्या, पहिला महिना (पुढच्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात मिळतील का ते विचारतो आहे): १,३४०
एकूण: ४,२६५
राजेंद्रकडून परत आलेले, वजा: १,५००
राहिले: २,७६५

नाचणीच्या पिठाची किंमत धरलेली नाही, कारण तू रागावशील.

येणे, राजेंद्रकडून: ५००. ते आले की तुझ्या खात्यात वळते करीन.

येणे, तुझ्याकडून: रुपये २,७६५, भात विकल्यावर, सवडीने. आणि एक उखाणा, ज्यात नाव वेलांटीसकट बसेल. तो मात्र संक्रांतीच्या आत.

तुझा,
मुरारी